ॲव्हरेज कोण देते?

आपल्याकडे नवी-जुनी कोणतीही गाडी दारात उभी राहिली की पाहायला येणाऱ्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "ॲव्हरेज किती देते?" या प्रश्नात दोन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. पहिली ही की ॲव्हरेज गाडी देते. दुसरी ही की ते एकच असते आणि कोठेतरी अधिकृतपणे लिहून ठेवलेले असते. साध्या पेट्रोलच्या गाडीला ही दोन्ही गृहीतके बऱ्यापैकी लागू पडतात. छापील आकड्यातून पाचवा हिस्सा वजा करावा आणि उरेल त्यावर समाधान मानावे, एवढे व्यवहारज्ञान प्रत्येकाकडे असते. परंतु घरच्या विजेवर बॅटरी भरून घेणाऱ्या आणि बॅटरी संपली की पेट्रोलवर धावणाऱ्या, म्हणजे ज्यांना प्लग-इन हायब्रिड म्हणतात त्या गाड्यांना ती अजिबात लागू पडत नाहीत. २०२५ साली बेंगळुरूत अशाच एका वापरलेल्या गाडीचा हिशेब चार महिने माझ्या हाताने लिहिला गेला. त्या वहीने मला गाड्यांविषयी थोडे आणि प्रशासनाविषयी बरेच शिकवले, म्हणून हा लेख.

गाडी माझी नव्हे, भाच्याची. तो आणि भाचेसून दोघेही सॉफ्टवेअरमध्ये. सर्जापूर रस्त्यावरील एका मोठ्या निवासी संकुलात राहतात. माझी बहीण बेळगावला असते. महिन्या-दोन महिन्यांनी तिकडे जायचे, दोन मुले आणि सामान बरोबर, म्हणून मोठी गाडी हवी. एरवी शहरात जाऊन-येऊन २८ किलोमीटरचा कार्यालयाचा प्रवास. "मामा, शहरात विजेवर चालेल, हायवेला पेट्रोलवर. दोन गाड्या घ्यायची गरजच नाही," असा त्याचा युक्तिवाद होता आणि तो चुकीचा नव्हता. आमच्या घराण्यात कागद वाचणारा मनुष्य म्हणून मला बोलावणे आले. सरकारी नोकरीत दोन महिन्यांच्या मूळ वेतनापेक्षा मोठा जंगम मालमत्तेचा व्यवहार झाला की तो विहित अधिकाऱ्याला कळवावा लागतो. त्या नियमाखाली उमर गेल्यामुळे माझ्या स्वतःच्या गाड्या नेहमी त्या मर्यादेच्या आसपासच घुटमळल्या. त्यामुळे एवढ्या किमतीच्या गाडीचे कागद हाताळण्याचा योग मला भाच्यामुळेच आला.

भारतात प्लग-इन हायब्रिड गाड्या फारच थोड्या विकल्या गेल्या. त्यांपैकी व्होल्वो कंपनीची एक्ससी ९० टी ८ ही गाडी आपल्याकडे २०१६ मध्ये आली. या कंपनीने २०१७ पासून बेंगळुरूजवळच्या होसकोटे येथे गाड्यांची जोडणी सुरू केली आणि तिची सुरुवात एक्ससी ९० पासूनच झाली, तेव्हा या शहराचा या गाडीशी थोडा शेजारधर्मही आहे. रचना अशी : पुढच्या चाकांना दोन लिटरचे पेट्रोल इंजिन, मागच्या चाकांना विजेची मोटर, आणि साधारण दहा युनिट वीज मावेल एवढी बॅटरी. वजन सव्वादोन टनांहून अधिक. भाच्याने पाहिलेली गाडी २०१९ च्या नोंदणीची, कर्नाटकातलीच होती. हे मी मुद्दाम पाहिले. महाराष्ट्रातली गाडी येथे आणली तर ना-हरकत दाखला, बारा महिन्यांत नवा नोंदणी क्रमांक, येथला आजीवन कर आणि तिकडच्या कराच्या परताव्यासाठी अर्ज, ही साखळी एमएच पाटीची गाडी घेऊन या शहरात आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला तोंडपाठ आहे. वीस लाखांवरील गाडीला कर्नाटकात आजीवन कर १८ टक्के आहे, हेही त्यात धरावे. बॅटरीवरील हमीची किती वर्षे शिल्लक आहेत, कर्जाचा बोजा उतरला आहे किंवा नाही, नमुना २९ व ३० वरील सह्या जुळतात का, हे सारे तपासून झाले. कागद स्वच्छ होते.

गाडी आधी एका कंपनीच्या नावावर होती. विक्रेत्याने डिकीचा तळ उचलून चार्जिंगची केबल दाखवली आणि मोठ्या कौतुकाने म्हणाला, "बघा सर, अजून प्लास्टिकसुद्धा काढलेले नाही." त्याच्या दृष्टीने हा मालाचा गुण होता. म्हणजे जी गाडी रोज भिंतीला जोडली जाईल असे मानून बनवली गेली, ती बहुधा त्या केबलने कधीच जोडली गेली नव्हती. पेट्रोलचे बिल कंपनी भरत होती. रात्री तळघरात वाकून प्लग लावण्याचे कारण चालवणाऱ्याला नव्हते.

आता छापील आकड्याकडे येऊ. या मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीचा युरोपातील अधिकृत आकडा शंभर किलोमीटरला २.१ लिटर होता, म्हणजे लिटरला सुमारे ४७ किलोमीटर. निव्वळ विजेवर ४३ किलोमीटर. सव्वादोन टनांची गाडी लिटरला ४७ देते, हे वाचून कोणाचेही डोळे विस्फारावेत. यात कंपनीने खोटे काही सांगितले नव्हते. आकडा काढण्याची पद्धत संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली ठरलेल्या १०१ क्रमांकाच्या नियमात दिलेली होती आणि ती सर्व कंपन्यांना सारखीच लागू होती. पद्धत अशी की गाडीची चाचणी एकदा बॅटरी भरलेली असताना घ्यायची आणि एकदा रिकामी असताना. मग दोन्हींची सरासरी काढायची. पण कोणत्या प्रमाणात? नियमाने गृहीत धरले की बॅटरी संपल्यानंतर गाडी आणखी २५ किलोमीटर पेट्रोलवर धावेल आणि तेवढ्यात मालक तिला पुन्हा चार्ज करील. विजेचे ४३ अधिक पेट्रोलचे २५ असे ६८ किलोमीटरचे एक चक्र झाले. त्यात पेट्रोल जळाले फक्त २५ किलोमीटरपुरते, आणि भागाकार झाला ६८ ने. विजेच्या युनिटांचा हिशेब लिटरच्या आकड्यात येतच नाही. उलट गणित केले तर प्रयोगशाळेतसुद्धा रिकाम्या बॅटरीवर ही गाडी लिटरला सतरा-साडेसतराच देत असावी असे निघते. उरलेले तीस किलोमीटर त्या २५ या अंकाने दिले.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हीच गाडी आपल्या पद्धतीने मोजली. तिने विजेवरचे अंतर १४ मैल, म्हणजे साडेबावीस किलोमीटर धरले, आणि पेट्रोलवरचा आकडा गॅलनला २५ मैल, म्हणजे लिटरला साडेदहा. एकाच यंत्राला दोन सरकारांनी दिलेले हे दोन दाखले. वाचकांपैकी अनेक जण परदेशात आहेत. त्यांनी आपापल्या देशातले पत्रक पाहताना हा फरक ध्यानात ठेवावा.

गाडी घरी आली त्या दिवशी मी भाच्याला एक वही दिली आणि तीत सरकारी वाहनाच्या लॉगबुकासारखे रकाने आखले : दिनांक, सुरुवातीचे किलोमीटर, शेवटचे किलोमीटर, कारण, भरलेले पेट्रोल, चार्जिंगची युनिटे. ज्यांनी सरकारी कचेरीत काम केलेले नाही त्यांना लॉगबुक म्हणजे काय प्रकरण असते हे सांगायला हवे. प्रत्येक शासकीय वाहनाचे ॲव्हरेज ठरवून दिलेले असते. चालक रोज नोंदी करतो, अधिकारी सही करतो, महिनाअखेर भागाकार होतो आणि तो ठरवून दिलेल्या आकड्याशी जुळावा लागतो. न जुळल्यास लेखापरीक्षणात आक्षेप निघतो. परिणामी तो जुळतोच. एका तपासणीत मी एका जीपचे लॉगबुक पाहिले होते. जीपचा किलोमीटर दाखवणारा काटा सात महिने बंद होता, हे दुरुस्तीच्या मागणीपत्रावरून कळत होते. लॉगबुकातले ॲव्हरेज मात्र त्या सातही महिन्यांत दशांशापर्यंत मंजूर आकड्याइतकेच होते. चालकाला दोष देण्यात अर्थ नव्हता. आपण त्याच्याकडून इंधनाचा हिशेब मागत नव्हतो, आक्षेप न येण्याची व्यवस्था मागत होतो. ती त्याने केली. भाच्याच्या वहीपुरता मी एकच नियम घातला : जुळवायचे काही नाही, जे होईल ते लिहायचे.

पहिले दोन महिने गाडी एकदाही चार्ज झाली नाही. कारण तळघरातील पार्किंगमध्ये सॉकेट नव्हते आणि असोसिएशनने बसवू दिले नाही. त्यांच्या हरकती तीन होत्या. तळघराची वीज सामाईक मीटरवर आहे, मग तुमच्या गाडीची वीज आम्ही का भरावी? आग लागली तर जबाबदार कोण? आणि आज तुम्हाला दिले तर उद्या सगळेच मागतील. शेवटची हरकत ऐकून मला हसू आले, कारण प्रशासनात कोणतीही नवी गोष्ट नाकारण्यासाठी मी ती शेकडो वेळा ऐकलेली आहे. बाहेरच्या सार्वजनिक चार्जिंग केंद्रांचा उपयोग नव्हता. ही गाडी जलद डीसी चार्जिंग घेतच नाही, तिला तीन-चार तास निवांत उभे राहायला जागा लागते. केवळ वीस-पंचवीस किलोमीटर अंतरासाठी रोज कोण तीन तास बाहेर थांबेल? या दोन महिन्यांत गाडी शहरात १,१८० किलोमीटर चालली आणि १३९ लिटर पेट्रोल प्यायली. म्हणजे लिटरला साडेआठ. जी वाहतूक ती कापत होती तिचे वर्णन टॉमटॉम या संस्थेच्या २०२४ च्या निर्देशांकात आहे : बेंगळुरूत दहा किलोमीटर जायला सरासरी ३४ मिनिटे. (पुणेकरांनी हुरळून जाऊ नये, त्यांचा आकडा ३३ आहे.) भरीला रिकाम्या बॅटरीचे आणि मोटरचे ओझे होतेच. पेट्रोल तेव्हा १०३ रुपयांच्या आसपास होते, म्हणजे किलोमीटरला बारा रुपयांहून अधिक. भाचा गाडी विकून टाकण्याची भाषा करू लागला. भाचेसूनेने तर सरळ विचारले, "मामा, आपण फसलो का?"

मी म्हटले, अर्ज करू. तीन परिच्छेदांचा अर्ज लिहिला. सॉकेट १६ अँपिअरचे असेल आणि परवानाधारक वीजतंत्र्याच्या प्रमाणपत्रानिशी, गळती झाल्यास प्रवाह तोडणाऱ्या स्वतंत्र स्विचसह बसवले जाईल. स्वतंत्र उपमीटर बसवून त्याच्या आकड्याप्रमाणे दरमहा युनिटला आठ रुपये आगाऊ भरले जातील. हा दर असोसिएशनला पडणाऱ्या खर्चाहून कमी नसावा एवढीच अट. आणि ज्या कोणा सदस्याला हीच सोय हवी असेल त्याला याच अटींवर ती मिळावी, म्हणजे उद्या सगळ्यांनी मागितले तरी प्रत्येक वेळी नवा वाद नको. असोसिएशनचे चिटणीस बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते. तिसरा परिच्छेद वाचून ते म्हणाले, "हे तुम्ही आमच्याच सोयीचे लिहिले आहे." दोन सभांनंतर परवानगी मिळाली. पुढच्या महिन्यात आणखी चार अर्ज आले. त्यांतले तीन विजेच्या स्कूटरसाठी होते.

पुढचे दोन महिने वहीत दिसतात ते असे. शहरात १,२०४ किलोमीटर, पेट्रोल ४३ लिटर, ३५ वेळा चार्जिंग, २९८ युनिटे. पेट्रोलचे ॲव्हरेज लिटरला २८. वीज धरून एकूण खर्च किलोमीटरला साडेपाच ते पावणेसहा रुपये, म्हणजे आधीच्या निम्म्याहून कमी. एका चार्जिंगमध्ये गाडी एसी लावून सुमारे २४ किलोमीटर जाते. अमेरिकेच्या आकड्याच्या जवळ, युरोपच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडी अधिक. पण एक विशेष गोष्ट पाहा. ज्या दिवशी गाडी रात्रभर चार्ज झाली आणि फक्त कार्यालयात जाऊन आली, त्या दिवशी २८ किलोमीटरपैकी चारच पेट्रोलवर झाले. त्या दिवसाचे ॲव्हरेज पन्नासच्या पुढे जाते. छापील ४७ सुद्धा मागे पडतात. उलट दसऱ्याला बेळगावची फेरी झाली, तुमकूर, चित्रदुर्ग, दावणगेरे, हुबळी या मार्गाने, तिकडचे फिरणे धरून १,०४० किलोमीटर. त्यासाठी ८८ लिटर पेट्रोल लागले, म्हणजे लिटरला पावणेबारा. पहिले चोवीस किलोमीटर विजेचे, उरलेले हजार पेट्रोलचे. मोटर आणि बॅटरी त्या प्रवासात सोबतीला आलेल्या पाहुण्यांसारख्या बसून होत्या.

तेव्हा एकच गाडी, एकच चालक, आणि आकडे साडेआठ, पावणेबारा, अठ्ठावीस, पन्नासच्या पुढे. त्यांपैकी खरा कोणता? सगळेच खरे आहेत. साडेआठ हा आकडा असोसिएशनच्या नकाराचा आहे, अठ्ठावीस हा सॉकेट आणि सवय यांचा, पावणेबारा हा बहिणीच्या गावाच्या अंतराचा. यंत्र प्रत्येक वेळी तेच होते. गाडीच्या पत्रकात छापला जाणारा आकडा यंत्राबद्दल जितके सांगतो त्याहून जास्त माणसाच्या वर्तनाबद्दलचे एक भाकीत सांगतो, आणि ते भाकीत नियम करणाऱ्या समितीने केलेले असते.

प्रशासनाच्या अभ्यासकाने येथे थांबून पाहावे, कारण या भाकितावर सरकारांनी कोट्यवधींच्या सवलती दिल्या. नेदरलँड्समध्ये कंपनीच्या गाडीवर कर्मचाऱ्याला जो कर भरावा लागतो तो किलोमीटरमागे ५० ग्रॅमपेक्षा कमी कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाड्यांना २०१३ अखेरपर्यंत शून्य होता आणि पुढची दोन वर्षे अगदी नाममात्र. आपल्या गाडीचा अधिकृत आकडा ४९ ग्रॅम होता हे वाचून वाचकांनी काय समजायचे ते समजावे. तेथे प्लग-इन हायब्रिड गाड्यांचा पूर आला. पेट्रोलचे कार्ड कंपनीचे आणि घरची वीज आपली, अशा स्थितीत प्लग कोण लावणार? सवलत टप्प्याटप्प्याने कमी करत २०१७ पासून ती संपवण्यात आली. ब्रिटनमध्ये २०१८ साली कंपन्यांच्या वाहनांचा इंधन-हिशेब ठेवणाऱ्या एका संस्थेने जाहीर केले की गॅलनला १३० मैलांची जाहिरात असलेल्या या गाड्या प्रत्यक्षात ४० मैलांच्या आसपास देत आहेत, आणि काही गाड्या परत आल्या तेव्हा केबल वेष्टनातच होत्या. त्याच वर्षी तेथील सरकारने या गाड्यांचे अनुदान बंद केले. होसकोटेच्या शेजारच्या शहरात मी पाहिलेली केबल एकटी नव्हती, तिचा गोतावळा जगभर होता.

यापुढे युरोपने जे केले ते मात्र अनुकरणीय आहे. २०२१ पासून तेथे नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत प्रत्यक्ष जळलेल्या इंधनाची नोंद ठेवणारी यंत्रणा सक्तीची झाली. म्हणजे जुळवाजुळवीला वाव नसलेले लॉगबुकच. त्या नोंदींवरून युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला : साध्या पेट्रोल-डिझेल गाड्यांचे प्रत्यक्ष उत्सर्जन अधिकृत आकड्यापेक्षा सुमारे २० टक्क्यांनी जास्त, आणि प्लग-इन हायब्रिडचे साडेतीन पट. त्यानंतर २०२५ पासून नव्या मॉडेलांसाठी ते वर्तनाचे गृहीतक अधिक कडक करण्यात आले. आकडा चुकला म्हणून गाडी रद्द केली नाही. गृहीतक तपासून दुरुस्त केले.

आपल्याकडे काय स्थिती आहे? २०१५ मध्ये अधिसूचित होऊन २०१७-१८ पासून लागू झालेल्या इंधन-कार्यक्षमतेच्या नियमांत प्रत्येक कंपनीने विकलेल्या सर्व गाड्यांची सरासरी पाहिली जाते. त्या सरासरीत विजेची एक गाडी तीन गाड्यांइतकी, प्लग-इन हायब्रिड अडीच आणि प्लग नसलेली सशक्त हायब्रिड दोन गाड्यांइतकी मोजण्याची मुभा दिली गेली. ती अडीच ही संख्या मालकाच्या तळघरात सॉकेट आहे की नाही हे विचारत नाही. दुसरीकडे वस्तू व सेवा कराला हायब्रिडचे प्रेम नाही : सप्टेंबर २०२५ च्या फेररचनेनंतर मोठ्या हायब्रिड गाडीवर ४० टक्के आणि विजेच्या गाडीवर ५ टक्के. उत्तर प्रदेशाने जुलै २०२४ मध्ये हायब्रिडचा नोंदणीच्या वेळचा कर माफ केला, कर्नाटकाने तसे केले नाही. त्याआधी २०१५ च्या फेम योजनेत डिझेलच्या सौम्य हायब्रिड गाड्यांनाही हजारोंचे अनुदान मिळत होते; बचत अल्प आहे हे ध्यानात आल्यावर एप्रिल २०१७ पासून त्यांना वगळले गेले. प्रत्येक खात्याने आपापल्या रकान्यात गाडीला वेगळे नाव दिले आहे. ती प्रत्यक्षात किती पेट्रोल पिते हा रकाना मात्र कोणाच्याच नोंदवहीत नाही.

हा दोष गाड्यांपुरता नाही. आपण जे पुरवले ते मोजतो, जे वापरले गेले ते मोजत नाही. उज्ज्वला योजनेचे उदाहरण घ्या. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या या योजनेतील आठ कोटीवी जोडणी ७ सप्टेंबर २०१९ रोजी तेव्हाच्या औरंगाबाद येथे देण्यात आली, आणि ती मुदतीआधी दिली गेली हे खरोखरच कौतुकास्पद होते. त्याच वर्षी महालेखापरीक्षकांच्या अहवालाने दाखवले की डिसेंबर २०१८ पर्यंतच्या लाभार्थ्यांचा पुनर्भरणाचा वार्षिक सरासरी आकडा ३.२१ सिलिंडर होता. शेगडी घरात होती, चूल विझली नव्हती. पण पुनर्भरणाचा हिशेब निदान उपलब्ध होता म्हणून प्रश्न दिसला आणि पुढे सिलिंडरवरील अनुदानाकडे लक्ष वळले. ज्या योजनेत वापर मोजलाच जात नाही, तिथे केबल वेष्टनात आहे हे कळायला एखादा जुन्या गाड्यांचा विक्रेताच भेटावा लागतो.

यावरून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली : वाहन नोंदणी, प्रदूषण तपासणी आणि विमा या तिन्ही प्रसंगी गाडीची किलोमीटरची नोंद घेता येते. नव्या गाड्या इंधनाचा हिशेब स्वतःच ठेवतात. तो तपासणीच्या वेळी नाव-गाव वगळून उतरवून घेतला आणि मॉडेलनिहाय प्रसिद्ध केला, तर ग्राहकाला छापील आकड्याशेजारी प्रत्यक्षातला आकडा मिळेल. यासाठी नवे खाते उघडावे लागणार नाही.

दुसरी : सवलतीचा गुणक भाकितावर ठरवला तरी चालेल, पण त्याला मुदत असावी. तीन वर्षांनी प्रत्यक्षातला आकडा समोर ठेवून तो वाढवावा किंवा घटवावा. भाकीत चुकणे हा गुन्हा नाही. ते कधीच न तपासणे ही मात्र धोरणातली उणीव आहे.

तिसरी : गाडीआधी सॉकेट. केंद्राने २०१९ मध्ये आदर्श इमारत उपविधीत दुरुस्ती करून नव्या इमारतींत वाहनतळाच्या २० टक्के क्षमतेला चार्जिंगची सोय असावी असे सुचवले. जुन्या इमारतींचे काय? भाच्याच्या संकुलात प्रश्न सुटला तो उपमीटर, स्विच आणि एका कागदावरील तीन अटी यांनी. हा नमुना-ठराव एखाद्या सहकार किंवा वीज खात्याने परिपत्रक म्हणून काढला तर हजारो असोसिएशनांच्या सभा वाचतील. कर्नाटक हे विजेवरील वाहनांचे धोरण २०१७ मध्येच जाहीर करणारे देशातले पहिले राज्य. विजेची रेवा मोटार २००१ मध्ये याच शहराने रस्त्यावर आणली. त्यामुळे ही शेवटची काही मीटरची तारही येथूनच ओढली जावी, अशी अपेक्षा वावगी नाही.

वापरलेली प्लग-इन हायब्रिड घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांनी, ते बेंगळुरूत असोत वा बर्मिंगहॅममध्ये, विक्रेत्याला ॲव्हरेज विचारू नये. त्याला ते सांगता येणार नाही. त्याऐवजी घरी बसून तीन आकडे कागदावर मांडावेत. माझा रोजचा प्रवास किती. ही गाडी बॅटरीच्या आजच्या वयात विजेवर किती जाते. आणि महिन्यातल्या किती रात्री ती माझ्या स्वतःच्या प्लगपाशी उभी असेल. पहिला आकडा दुसऱ्याच्या आसपास असेल आणि तिसरा वीसच्या वर असेल तर गाडी जरूर घ्यावी, छापील आकडाही कदाचित मागे पडेल. तिसरा आकडा शून्य असेल तर बिडदीच्या टोयोटा किर्लोस्कर कारखान्यातून निघणाऱ्या हायरायडरसारखी प्लग नसलेली सशक्त हायब्रिड बरी. तिचा अधिकृत आकडा लिटरला २७.९७ आहे, प्रत्यक्षात तो कमी भरेल, पण तो कोणाच्या परवानगीवर अवलंबून नाही. आणि दर पंधरवड्याला पाचशे किलोमीटरचा प्रवास असेल तर बॅटरीचे ओझे वाहून नेण्यात हशील नाही.

भाच्याने गाडी विकली नाही. त्याचे कार्यालय आता आठवड्यातून तीनच दिवस बोलावते. त्या पद्धतीलाही या शहरात हायब्रिड म्हणतात. वही अजून चालू आहे. मागच्या महिन्यात पाहिली तेव्हा चार्जिंगच्या रकान्यात सलग सहा दिवस काहीच नव्हते. विचारले, तर भाचा म्हणाला, "रात्री उशीर झाला, कंटाळा केला." त्या आठवड्याचे ॲव्हरेज त्याने साडेनऊ लिहिले होते, खाडाखोड न करता. सरकारी लॉगबुकात इतका प्रामाणिक साडेनऊ मला उभ्या नोकरीत पाहायला मिळाला नव्हता. मी त्याखाली तपासले म्हणून सही केली आणि वही परत दिली.